चार माणसं आणि एक उंदीर

उंदीर कागद कुरतडतो तेव्हा कड सरळ येत नाही. दोन दातांचे बारीक अर्धगोल, एकाला लागून एक, अशी ती झालर असते. कागदांचा गठ्ठा बांधलेला असेल तर वरपासून खालपर्यंत झालर तीच राहते, फक्त प्रत्येक कागदाला किंचित आत सरकते, कारण उंदीरही पुढे सरकत असतो. हे मला माहीत आहे, कारण एप्रिलमधल्या एका सकाळी मी शाळेच्या कपाटासमोर बसून पोस्टकार्डांचा असा एक गठ्ठा भिंगाखाली धरून पाहिला होता. प्रत्येक कार्डाचा उजवा खालचा कोपरा गेला होता. मजकूर जवळजवळ शाबूत होता. मी कार्डं झटकली, उन्हात धरली आणि ठरवलं की चालतील.

विज्ञानाने मला पुष्कळ काही शिकवलं, पण "चालेल" हा शब्द कुठे वापरू नये, ते शिकवलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव अजून तिथेच आहे. शिरूर तालुक्याचं पार खालचं टोक, भीमेच्या अलीकडच्या तीरावर. पलीकडे दौंड तालुका. सरकारी काम निघालं की आम्ही शिरूरला जायचो, आणि ते झालं नाही की मन रमवायला दौंडला. मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. बी.एस्सी. झालेल्या बाईचं सातवीपर्यंतच्या शाळेत काय काम, असं पहिली दोन वर्षं गाव विचारत होतं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, गावाला उत्तर मिळालं.

त्या वर्षी परीक्षेच्या सुमारास वरून एक परिपत्रक आलं. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना शाळेने वर्षअखेर लेखी पत्रक पाठवावं, त्यात पाल्याची प्रगती आणि पुढील शिक्षणाची दिशा कळवावी, असा त्याचा आशय होता. आमच्या हेडमास्तरांनी, ज्यांना सगळं गाव मोठे गुरुजी म्हणत असे, परिपत्रक दोनदा वाचलं, त्याची आठपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. परिपत्रकाचा इतका तात्काळ उपयोग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ते बाहेर काढलं. कारण अंजना होती.

अंजना सातवीत होती. हिवाळ्यात विहिरीचं पाणी गरम लागतं ते खरंच गरम असतं, की आपणच गार झालेले असतो, असं तिने मला विचारलं होतं. आणि मी उत्तर द्यायच्या आत तिने उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात शाळेचा थर्मामीटर दोरीला बांधून विहिरीत सोडायची परवानगी मागितली होती. अशी मुलगी शिक्षकाला नोकरीत एकदा मिळते. आमची शाळा सातवीला संपत होती आणि हायस्कूल दौंडला होतं. दिवाळीपासून मी तिच्या वडिलांना, हौसरावांना, विचारत होते: अंजनाला पुढे पाठवणार ना?

हौसरावांनी नाही असं कधीच म्हटलं नाही. तो माणूस कशालाच नाही म्हणत नसे आणि कशालाच हो. त्यांच्या घराला पुढचं दार बसवायचं होतं. ते पूर्वेला असावं की उत्तरेला, हे ठरत नव्हतं, म्हणून दोन्हीकडे भगदाड पाडून दोन्हीकडे गोणपाट लावलेलं होतं. असं तीन वर्षं. माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच असे.

"चार माणसं जमू द्या, बाई. मग ठरवू."

आता, मला अशी सवय आहे की कोणी चार म्हटलं की मी मोजते. एके दिवशी मी त्यांना विचारलं, ही चार माणसं कोण. ते दचकले. आजवर कोणी विचारलंच नसावं. मग बोटांवर मोजून सांगितलं: भांडगावचा थोरला भाऊ ज्योतिबा, दौंडची बहीण तुळजाबाई, जिचा नवरा रेल्वेत होता, केंदूरचा मेहुणा म्हाळू, म्हणजे अंजनाचा मामा, आणि वडगाव रासाईचे चुलते शंकरआबा, जे घराण्यात सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत बहिरे होते.

मी विचारलं, हे चौघं एका ठिकाणी कधी जमतात?

"मयताला," हौसराव म्हणाले. मग प्रामाणिकपणे भर घातली, "लग्नाला बी येत्यात, पर ज्योतिबा आन् तुळजा एका पंगतीला बसत न्हाईत." त्यामागे एका म्हशीची हकीकत आहे. ती मला तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितली. तिन्हींत फक्त म्हैस समान आहे, म्हणून इथे देत नाही.

मी असं ठरवलं की सातवीच्या सगळ्या पालकांना पत्रक जाईलच; अंजनाचं मात्र तिच्या वडिलांबरोबर त्या चार माणसांनाही पाठवायचं. चार माणसं जमत नसतील तर निदान चार उत्तरं जमतील. ही युक्ती मला त्या वेळी फार शास्त्रीय वाटली.

मजकूर मंजूर करून घ्यायला मी शिरूरला पंचायत समितीत गेले. मी लिहिलेलं पत्रक असं होतं: "अंजना सातवी पास होईल. हुशार आहे. तिला पुढे शिकवा. काय ठरलं ते शाळेला कळवा." विस्तार अधिकारी साहेबांनी ते वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं.

"बाई, हे कुणालाही समजेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, तोच हेतू होता. साहेबांनी लाल पेन्सिल काढली. शासकीय पत्र वाचल्यावर माणसाला आपण काहीतरी केलंय असं वाटलं पाहिजे, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. अर्ध्या तासाने कागद परत आला तेव्हा त्यावर असं होतं: "आपणांस कळविण्यात येते की, चि. अमुक हिचा येथील कार्यकाळ संपुष्टात आला असून ती कायमची जात आहे. तरी पुढील व्यवस्थेबाबत आप्तेष्टांशी विचारविनिमय करून आपण तत्काळ उपस्थित राहावे."

"ती शाळेतून जात आहे," असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, शाळेचं नाव खाली उजवीकडे सहीसोबत येतंच. तेच दोनदा कशाला. द्विरुक्ती हा दोष आहे. आणि खर्चाचं म्हणाल तर शाळेच्या सादिल, म्हणजे किरकोळ खर्चात खडू, शाई आणि केरसुणी बसते, पोस्टकार्ड बसत नाही. मी विचारलं, मग पत्रकं पाठवायची कशी? "नियमानुसार," ते म्हणाले, आणि शिपायाला चहा सांगितला. एकच.

कार्डं मी पदरचे पैसे घालून घेतली, पण परिपत्रकात "मुद्रित" असा शब्द होता, त्यामुळे हाताने लिहूनही भागणार नव्हतं. दौंडला एका सोसायटीच्या कचेरीत सायक्लोस्टाइल यंत्र होतं. तिथल्या कारकुनाने यंत्र धुवायला आठवडा घेतला आणि मग न धुताच कार्डं काढून दिली, त्यामुळे प्रत्येक कार्डावर माझ्या मजकुरामागून फिक्या अक्षरांत "सभासद बंधूंनो" असं डोकावत होतं. मी म्हटलं, चालेल. हा पहिला.

कार्डं मी शाळेच्या कपाटात ठेवली. त्याच कपाटाच्या तळाशी दुष्काळातल्या सुकडीचं एक अर्धं पोतं होतं. मुलांना वाटायचं ते गोड कोरडं पीठ. उरलेली परत घ्यायची की संपवायची, याबद्दल वर पत्रव्यवहार चालू होता. तो चालू असेतो एक उंदीर त्या पोत्यावर वाढला. सरकारी खाण्यावर वाढलेल्या प्राण्याची अंगकाठी वेगळीच असते. सुकडीचा कंटाळा आल्यावर त्याने कार्डांना तोंड लावलं, आणि अगदी नेमका उजवा खालचा कोपरा खाल्ला: हेडमास्तरांची सही, शाळेचं नाव, गाव, तालुका, सगळं. मी भिंग लावून पाहिलं, नुकसान किरकोळ ठरवलं, आणि म्हटलं, चालेल. हा दुसरा.

इथे एक खुलासा केला पाहिजे. माझे वडील टपाल खात्याच्या तार विभागात होते. आमच्या घरी वाईट बातमी तारेने येत असे. पोस्टकार्डाने फक्त लग्नं आणि बदल्या येत. त्यामुळे कार्डाचा कोपरा हा माझ्या लेखी कार्डाचा कोपरा होता, आणखी काही नाही.

नावं आणि पत्ते लिहायला मी संध्याकाळी अंगणात बसले. माझ्या घरमालकीण अनसाबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. या बाईंनी आजवर माझ्या प्रत्येक कामाला सल्ला दिला होता: मी स्टोव्ह पेटवला तरी, केस धुतले तरी, आणि फळ्यावर बेडकाचं हृदय काढलं तेव्हाही. त्या दिवशी कार्डांकडे नजर गेली आणि त्या गप्प झाल्या. सूप बाजूला ठेवलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"किती जन हायती, बाई?" त्यांनी हळू विचारलं.

मी म्हटलं, सातवीची सगळीच. एकदमच उरकून टाकतेय.

अनसाबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी मला चहा आणून दिला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता परत गेल्या. गावाला अखेर शिक्षकाच्या कष्टांची जाणीव होऊ लागली आहे, असं मला वाटलं. मी त्यामुळे थोडी भारावलेही होते, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन म्हस्कू पेटी उघडायला आला तेव्हा मी शाळेच्या खिडकीतून पाहत होते. त्याने मूठभर कार्डं काढली, एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. एरवी म्हस्कू दारात उभा राहून पत्र मोठ्याने वाचून, वर स्वतःचं मत देऊन जायचा. त्या दिवशी तो कोणाच्या ओसरीवर चढला नाही. कार्ड उंबऱ्याबाहेर ठेवायचा, मान खाली घालायचा आणि पुढच्या घरी.

पहिला हंबरडा न्हाव्याच्या आळीतून आला. दुसरा वरच्या आळीतून. मग एकदम चारी बाजूंनी. मी वर्गात उत्सर्जन संस्था शिकवत होते. मोठे गुरुजी धोतर सावरत धावत आले, त्यांच्या हातात एक कार्ड होतं.

"बाई, हा कोपरा कुणी फाडला?"

मी म्हटलं, उंदराने.

मोठे गुरुजी खुर्चीवर बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं: कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड. ते घरात नेत नाहीत, बाहेरच वाचतात. पुष्कळदा वाचतही नाहीत. कोपरा पाहिला की आधी रडून घेतात, आणि मग कोण गेलं ते विचारतात.

बरं, वाचायचं म्हटलं तर घराघरांत नीट वाचता येणारी व्यक्ती म्हणजे सातवीतलं पोर. तेव्हा सातवीचा वर्ग सोडला. ज्यांच्या जाण्याची पत्रं होती त्यांनीच ती आपापल्या घरी उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचून दाखवली. "कार्यकाळ संपुष्टात" इथवर आल्यावर दोन घरी पुन्हा रडारड झाली, पण वाचणारं पोर समोर उभं असल्याने ती टिकली नाही.

दुपारी गाव शाळेच्या आवारात जमलं. कोणी मला वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर सोसलं असतं. एका म्हाताऱ्याने अगदी आदराने विचारलं, निकालाच्या टायमाला बाई तिरडी धाडणार का दारात, म्हंजी बांबू तरी वाचतील. एकीने सांगितलं की तिने कांद्याच्या वाफ्यात काम सोडून तासभर रडून घेतलं, ते आता कुठल्या खात्यावर धरायचं. अनसाबाई पुढे येऊन म्हणाल्या की त्यांना आदल्या दिवसापासून माहीत होतं, पण बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांना काय सांगायचं. त्या आठवड्यापासून माझं नाव बदललं. आधी मी शास्त्राच्या बाई होते. मग मर्तिकाच्या बाई झाले. माझी बदली झाली तेव्हा सत्काराच्या भाषणातही सरपंचांच्या तोंडून तेच निघालं, आणि त्यांनी ते मागे घेतलं नाही.

हौसराव सगळ्यांत मागे उभे होते. पांगापांग झाल्यावर जवळ आले. मला वाटलं, निर्णय सांगतील. त्यांनी कार्ड परत केलं आणि म्हणाले, "माणसं जमली न्हाईत अजून, बाई."

तेव्हा मला ती चार कार्डं आठवली.

म्हस्कू म्हणाला, थैली सकाळच्या एस.टी.ने गेली, पेटीत पडलं की ते सरकारचं, आणि सरकारकडून काही परत मिळाल्याचं त्याच्या ऐकिवात नाही. मी म्हटलं, दौंडला जाऊन तार करते: अंजना खुशाल. मोठ्या गुरुजींनी मला थांबवलं. आधी कोपरा फाडलेलं कार्ड आणि त्यावर लगेच तार! शंकरआबा तार हातात घेऊनच आटोपतील; मग एका मयताचा खुलासा करायला दुसरं मयत. त्यात तथ्य होतं. मी तार केली नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी भांडी घासत होते. अंजना धावत आली.

"बाई, चला. मला रडायला आत्या आलीया."

नदीकडून आवाज येत होता. उन्हाळ्यात भीमेला गुडघाभर पाणी असे. दौंडकडची माणसं उतरूनच यायची. पलीकडच्या काठावर तुळजाबाई आणि ज्योतिबा वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी पोचले होते. एकमेकांना पाहताच म्हैस विसरून ते पाण्याच्या मध्यावर गळ्यात गळा घालून रडले, आणि तसेच, एकमेकांना धरून, रडत गावात शिरले. आळीतल्या बायकांनी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. पण रडणाऱ्या माणसाला थांबवणं चांगलं दिसत नाही, म्हणून त्या जरा वेळ त्यांच्याबरोबर रडल्या आणि मग सांगू म्हणाल्या. तेवढ्यात घर आलं.

तुळजाबाईंनी उत्तरेच्या गोणपाटापाशी बसून हेल काढला, "माझ्या शाळंच्या मैने, कुठं गेलीस गं सोडूनशान."

अंजना मागच्या वाटेने माझ्याआधी घरात पोचली होती. दारात पाहुणा आला की पाणी द्यायचं, एवढं वळण तिला होतं. गोणपाट बाजूला करून ती तांब्या घेऊन बाहेर आली.

आत्याने तांब्या पाहिला, हात पाहिला, मग वर पाहिलं. तुळजाबाईंच्या तोंडून आवाज फुटला नाही, हे घराण्यात प्रथमच घडलं म्हणतात. मग त्यांनी अंजनाच्या पाठीत एक धपाटा घातला, तिला छातीशी घट्ट धरलं आणि पुन्हा रडायला लागल्या. आता खरंच. मधेच थांबून म्हणाल्या, "मेली न्हवतीस तर कळवायचं न्हाई व्हय, भवाने?"

ज्योतिबांनी डोळे पुसले, शेजारी बहीण आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, म्हैस आठवली, आणि ते उठून पूर्वेच्या गोणपाटापाशी जाऊन बसले.

मी उभी राहून उंदराबद्दल सांगितलं. मी कोणतंही विधान पुराव्याशिवाय करत नाही, म्हणून एक कार्ड आणि भिंगही आणलं होतं. ते कोणी पाहिलं नाही.

दुपारपर्यंत शंकरआबा बैलगाडीतून आले. त्यांना आतल्या खाटेवर बसवलं. त्यांच्या कानाशी दोघातिघांनी खरा प्रकार ओरडून सांगितला. आबांनी मान हलवली, म्हणाले, "चालायचंच. देवाची मर्जी," आणि अंजनाने दिलेला चहा प्यायले. मग केंदूरहून म्हाळूमामा आले. ते दुखवट्याची टोपी आणि उपरणं घेऊन आले होते, हौसरावांसाठी. मुलगी जिवंत आहे म्हटल्यावर त्यांनी आनंदाने टोपी परत पिशवीत टाकली. तोच कोपऱ्यातून हौसरावांची आई आक्काबाई बोलल्या.

त्या म्हणाल्या, जित्या पोरीचं रडून झालं. तिचं आयुष्य वाढलं, ते बरंच झालं. पण दुखवट्याचं आणलेलं कापड वेशीबाहेर माघारी जात नसतं. ज्या घरात चार माणसं रडत शिरली तिथून ती तशीच उठत नसतात. तोंड गोड करून, कायतरी शुभ बोलून उठायचं. नाहीतर अवदसा तिथंच बसून राहते. टोपी घालायची तर चांगल्या कारणाला घाला.

सगळ्यांना ते पटलं. मलाही, माझ्या पुस्तकांत त्याच्या विरुद्ध काही दिलेलं नाही. प्रश्न एवढाच होता की शुभ काय बोलायचं.

ज्योतिबा पूर्वेच्या गोणपाटापासून म्हणाले, "हाय की. माझ्या बघण्यात एक पोरगं हाय भांडगावात. पाच एकर बागायत. सुपारी फोडून टाकू."

सहा महिने मी ज्या चार माणसांच्या जमण्याची वाट पाहत होते ती जमली होती. मीच जमवली होती. आणि ती आता अंजनाचं लग्न ठरवणार होती. म्हाळूमामांनी टोपी पुन्हा बाहेर काढली. टोपीला कारण मिळत होतं. अंजना चुलीपाशी उभी होती. तिने हातातलं भाकरीचं पीठ पिळून पिळून दगडासारखं केलं होतं. तिची आई सोजराबाई चुलीत नुसतीच फुंकत होती. जाळ केव्हाचा लागला होता.

मी बोलायला तोंड उघडलं. पण माझ्या आधी तुळजाबाई बोलल्या, भावाकडे न पाहता, खांबाला उद्देशून.

"खांबा, इचार त्यास्नी, मी दौंडात पोरीसाठी दिवाळीपासनं गादी घालून ठिवलीया, तिच्यावर काय मांजर झोपवू?"

हौसराव म्हणाले, "तू कवा बोलली न्हाईस."

"मला कवा इचारलंस? भावानं बहिणीला इचारायचं असतं. मी आपनहून म्हनायचं व्हय, तुझी पोर माझ्याकडं धाड म्हनून? लोकं म्हनतील भांडी घासायला नेली."

आता हे सगळं इतकं सोपं होतं की मला राग आला. दिवाळीपासून एक गादी दौंडात घातलेली होती आणि इथे भीमेच्या या काठावर तीच गोष्ट ठरत नव्हती. कारण एकाने विचारलं नव्हतं आणि दुसरी विचारल्याशिवाय सांगणार नव्हती. मी शिरूरच्या किती फेऱ्या घातल्या होत्या, ते सांगत नाही.

ज्योतिबा म्हणाले, शिकून काय करायचंय, उंदीर मोजायचेत? हा माझ्याकडे रोख होता. तुळजाबाईंनी खांबाला सांगितलं की ज्याला म्हशीचा हिशेब राखता आला नाही त्याने शिक्षणावर बोलू नये. पुढची पंधरा मिनिटं म्हशीवर गेली. चौथी हकीकत मला तेव्हा कळली.

सगळ्यांनी मग हौसरावांकडे पाहिलं. ते दोन गोणपाटांच्या बरोबर मध्ये बसले होते. त्यांच्या हातात ते कोपरा गेलेलं कार्ड होतं. मी आणलेलं त्यांनी केव्हा उचललं, कळलं नाही.

"परवा हे दारात पडलं," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "वाचून दावाया अंजीच म्होरं उभी हुती, धडधाकट. तरी पाय गेलं माझं, बाई. तवापासनं ती दिसंना झाली की हाक मारतोय. पानी आनायला गेली तरी हाक मारतोय." थोडं थांबून ते म्हणाले, "दौंडाला गेल्यावर कुनाला हाक मारू?"

इतके महिने मी त्यांना कंटाळा करणारा माणूस समजत होते. अंजनाने पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि बापाच्या जवळ येऊन बसली, एवढंच.

आक्काबाई म्हणाल्या, दिवस कलतोय, माणसांना नदी उतरायची आहे, कायतरी शुभ बोला. ज्योतिबा म्हणाले, मग सुपारी आणू का. म्हाळूमामा टोपी हातात घेऊन ताटकळले होते. हौसराव म्हणाले, "बघू." ते असं म्हणाले आणि मी भिंग पिशवीत टाकलं, कारण आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात खाटेवर शंकरआबांची पेंग मोडली. त्यांनी सगळीकडे पाहिलं, जमलेली माणसं पाहिली, टोपी पाहिली, आणि आपण कशासाठी आलो ते त्यांना आठवलं. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी पुतण्याला विचारलं, "हौसा, पोर गेली कवा म्हनायची?"

मयताच्या घरी हा प्रश्न बापाला विचारतात आणि बापानेच त्याचं उत्तर द्यायचं असतं.

हौसराव खाली पाहत म्हणाले, "गेली न्हाई, आबा."

"आं?"

"गेली न्हाई. जायाची हाय."

आबांनी कानामागे हात धरला. "काय ऐकू येईना. कवा गेली?"

हौसरावांनी अंजनाकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग, तीन वर्षांत प्रथमच, त्यांनी एका गोणपाटाला पाठ केली आणि खाटेजवळ गेले. "जूनमधी," ते म्हणाले.

"गेल्या जूनमधी?" आबा हळहळले. "आन् मला आत्ता कार्ड?"

बाहेर आळीतली माणसं गोणपाटाला कान लावून उभी होती. म्हस्कू टोपी हातात धरून होता. मोठे गुरुजीही आले होते. हौसरावांनी एक मोठा श्वास घेतला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि अख्ख्या आयुष्यात जे इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते ते नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"गेली न्हाई, आबा! जानार हाय! येत्या जूनमधी, दौंडाच्या हायस्कुलात! तुळजाकडं ऱ्हानार हाय, आन् म्याट्रिक झाल्याबिगर तिचं लगीन न्हाई!"